थंडी आहे म्हणजे बर्फ असेलच असं नाही

शाळांची नाताळची सुट्टी जवळ आली की बोईसरमध्ये काश्मीर-मनालीचे बेत सुरू होतात. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट बदलून, रजा जुळवून माणसं निघतात. निघण्याआधी फोन पुढे करून सांगतात, "हे बघा, गुलमर्ग उणे सात. बर्फ पक्का!" हे वाक्य दर हिवाळ्यात कानावर येतं आणि दर वेळी तितकंच खटकतं, कारण या एका आकड्याच्या भरवशावर लोक वर्षभराची शिल्लक खर्च करतात.

गैरसमज: तापमान शून्याखाली गेलं की बर्फ असतोच.

वस्तुस्थिती: नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही, हवेत बाष्पही लागतं. आपल्याकडे मे महिन्यात उकाड्याने जीव नकोसा होतो, पण नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येईपर्यंत पाऊस काही लागत नाही. हिमालयाच्या हिवाळ्यात बाष्प आणण्याचं काम पश्चिमी झंजावात करतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीरपर्यंत येतात. डोंगरांना अडून ही हवा वर चढते, गार होते आणि बर्फ पडतो. झंजावात आले नाहीत किंवा दुबळे आले, तर पारा कितीही उतरो, डोंगर उघडेच राहतात.

शंका असेल तर जानेवारी २०२४ आठवा. काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलां म्हणतात, तो २१ डिसेंबरपासूनचा ४० दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होता. श्रीनगरचं रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जात होतं. तरीही जानेवारीचे पहिले तीन आठवडे गुलमर्गच्या प्रसिद्ध उतारांवर तपकिरी गवत दिसत होतं. बर्फ आला तो महिना संपता संपता. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत ठरला होता. पुरेसा बर्फ नसल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये पार पडला. राष्ट्रीय पातळीच्या आयोजकांना जिथे तारीख बदलावी लागते, तिथे "बर्फाची गॅरंटी" देणाऱ्या सहल एजंटवर आपण विश्वास तरी कसा ठेवतो?

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती मनातल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. फार थंड रात्र ही बऱ्याचदा निरभ्र रात्र असते. ढग नसले की जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते आणि पारा घसरतो. बर्फ घेऊन येणारे ढग दाटले की तेच ढग उष्णता धरून ठेवतात आणि रात्रीचं तापमान थोडं वर जातं. म्हणजे फोनवरचा उणे सात हा आकडा पुष्कळदा कोरड्या हवेची खूण असतो. त्याच्या शेजारी ढग आणि हिमवृष्टीचा अंदाज आहे का, हे आधी पाहायला हवं.

हा आकडा नेमका कुठला, हेही कुणी विचारत नाही. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, अफरवट डोंगरावरचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे एकाच दिवशी श्रीनगरला पाऊस, गुलमर्गला ओला बर्फ आणि अफरवटला भुसभुशीत कोरडा बर्फ पडू शकतो. मनाली आणि रोहतांग खिंड यांच्यातही असाच जवळपास १,९०० मीटरचा फरक आहे. "मनालीत बर्फ" या बातमीत गाव कुठलं आणि उंची किती, हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ नाही.

आता बाकीचे गैरसमज.

"ॲप पंधरा दिवस पुढचा बर्फ दाखवतं." दाखवतं खरं, पण इतक्या लांबच्या ठरावीक दिवसाच्या अंदाजावर विसंबू नये. दोन-तीन दिवसांवर आलेला अंदाजच भरवशाचा.

"अंदाजात हिमवृष्टी होती, आम्हाला दिसली नाही, म्हणजे हवामान खातं खोटं." सूचनेत 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं. हवामान विभागाच्या मोजमापात त्याचा अर्थ होतो जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर.

"ऑरेंज अलर्ट म्हणजे भरपूर बर्फ, चला!" पालघर जिल्ह्यासाठी पावसाळ्यात येतात तेच हे रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. डोंगरात त्याचा अर्थ रस्ते आणि विमानं बंद पडण्याची शक्यता, असाही होतो.

"१० मिलिमीटर म्हणजे चिमूटभर बर्फ." ते वितळलेल्या पाण्याचं माप आहे. १० मिलिमीटर पाण्याचा ताजा बर्फ ढोबळमानाने १० सेंटिमीटर भरतो. बर्फ ओला असेल तर कमी, कोरडा असेल तर जास्त.

"बर्फ कमी असेल तर मशिनने पाडतात." त्या यंत्रांनाही गोठवणारी थंडी आणि मुबलक पाणी लागतं. उत्तराखंडमधल्या औलीतही बर्फाअभावी स्पर्धा रद्द झाल्या आहेत.

"बर्फ थांबला, ऊन पडलं, आता धोका नाही." हा मात्र जिवावर बेतणारा गैरसमज आहे. मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या एक-दोन दिवसांत हिमस्खलनाचा धोका मोठा असतो, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. गोंडोलाचा वरचा टप्पा वारा किंवा हिमस्खलनाच्या भीतीने बंद ठेवला, तर खिडकीवर भांडू नका. तो तुमच्यासाठीच बंद असतो.

मग करायचं काय? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि इतक्या आधी कुठल्या दिवशी बर्फ पडेल, हे जगात कुणीच सांगू शकत नाही. बर्फ हाच मुख्य हेतू असेल तर नाताळचा हट्ट सोडून जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडा. मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवा. निघण्याच्या तीन दिवस आधी श्रीनगर किंवा शिमल्याच्या हवामान केंद्राचं पत्रक वाचा, त्यात झंजावाताचा उल्लेख आहे का ते बघा, आणि हॉटेलला फोन करून आजचा उताराचा फोटो मागवा. मुलांनाही निघण्यापूर्वीच सांगा की बर्फ मिळण्याची शक्यता आहे, खात्री नाही.