बाळंतिणीच्या मनाचं काय?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा खानदेशातला रिवाज. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि सुरतेत नांदणाऱ्या लेकीला जळगाव-धुळ्याचं माहेर गाठणं अवघड झालं. जळगावचं जिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. त्यामुळे 'कळा सुरू झाल्या तर जायचं कुठे?' हा घोर साधा नव्हता.

एरवीही बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप लागेना, बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला 'नखरे' म्हणणं हा अन्याय आहे. भारतातल्या अभ्यासांच्या 2017च्या आढाव्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं, म्हणजे साथीच्या आधीही पाचांत एक! साथीने त्यात भर घातली ती एकटेपणाची. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल-मालिश करणारी आई, मावशी, शेजारीण यांचे हात अनेकींना मिळालेच नाहीत.

हे नैराश्य ओळखायला 1987ची एडिनबरो प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांबद्दल दहा साधे प्रश्न, त्यातला शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळासाठी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येतात, वजन आणि ताप बघतात. त्याच वेळी आईलाही हे दहा प्रश्न विचारले जावेत, असं मला ठामपणे वाटतं. 2022 पासून 14416 हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू आहे. आशाताईंच्या वहीत आणि माजघराच्या भिंतीवर तो लिहून ठेवा.