सरकवलेला बांध

शहर जागचं हलवता येत नाही, तर मग सीमाच हलवू! 1939 साली मॉस्कोत खरोखरच असा विचार झाला. लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, तेव्हा फिनलंडच्या सीमेपासून जेमतेम 32 किलोमीटरवर होतं. स्टालिनने सीमेलगतची जमीन मागितली, बदल्यात दुसरीकडे दुप्पट देऊ केली. फिनलंड नाही म्हणाला. नोव्हेंबरअखेर सोव्हिएत फौजा घुसल्या. 105 दिवसांनी तह झाला तेव्हा मागितली होती त्याहून कितीतरी जास्त जमीन गेली होती. त्यात व्हीपुरी हे मोठं शहरही गेलं, आजचं विबोर्ग. चार लाखांवर फिन माणसांनी घरदार सोडलं.

एवढी धास्ती कशाची? पश्चिमेला रशियाला डोंगराचा आडोसा नाही, नुसतं सपाट मैदान. त्यावरून 1610 मध्ये पोलिश सैन्य मॉस्कोत शिरलं, 1812 मध्ये नेपोलियन. शत्रूला जितकं लांब अडवू तितकं बरं, हे तिथल्या राज्यकर्त्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलं आहे.

आणि आता पुढचं बघा, मी तर ते वाचून थक्क झालो. बांध सरकला, पण शेजारी कायमचा दुखावला. 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा गेलेली जमीन परत मिळवायला फिनलंड त्याच्या बाजूने उतरला. लेनिनग्राडला वेढा पडला आणि शहराच्या उत्तरेला फिन सैन्य उभं होतं! वेढा 872 दिवस चालला. एकट्या पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीत सुमारे पाच लाख माणसं पुरली आहेत. पुतिन यांचा थोरला भाऊ व्हिक्टर त्याच वेढ्यात गेला, अगदी लहान असताना. ही भीती खोटी आहे असं कोण म्हणेल? पण शेजाऱ्याची भीतीही तितकीच खरी असते, आणि मॉस्कोने ती कधी मोजलीच नाही.

युद्धानंतर फिनलंड कित्येक दशकं लष्करी गटांपासून दूर राहिला. नाटो आपल्या दाराशी येतेय, अशी तक्रार करत रशियाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवर चढाई केली. फिन लोकांना 1939 आठवलं. 4 एप्रिल 2023 रोजी फिनलंड नाटोत गेला, आणि 1,340 किलोमीटरची सीमा एका दिवसात नाटोची झाली. नाटोची रशियाला भिडणारी सीमा दुपटीहून लांब झाली.

हेलसिंकीहून विबोर्गमार्गे सेंट पीटर्सबर्गला ‘अलेग्रो’ नावाची रेल्वेगाडी साडेतीन तासांत पोचायची. ती शेवटची धावली 27 मार्च 2022 रोजी.