गोण्या मोजता, बादल्याही मोजा!

स्लॅब टाकायच्या दिवशी घरमालक सिमेंटच्या गोण्या डोळ्यांत तेल घालून मोजतो. पाण्याच्या बादल्या मात्र कोणीच मोजत नाही. माल पसरायला सोपा जावा, म्हणून त्यात पाणी वाढवले जाते. सिमेंटला लागून उरलेले पाणी वाळते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. मग ताकद घटते, ओल शिरते, सळया गंजतात. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार, सौम्य हवामानातही सळईच्या काँक्रीटला ५० किलोच्या गोणीमागे साडेसत्तावीस लिटरपेक्षा जास्त पाणी नको. वाळू ओली असेल, तर तिच्यातले पाणी त्यातून वजा करा. जादा सिमेंट ओतण्यापेक्षा हा हिशेब स्वस्त पडतो. स्लॅब घट्ट झाल्यावर मात्र पाण्याला हात आखडू नका. निदान दहा दिवस तो सतत ओला ठेवा.