मक्याचं देवक

लासलगाव म्हटलं की कांदा आणि येवला म्हटलं की पैठणी. पण दिवाळीच्या सुमारास याच पट्ट्यातून गाडीवर एक चक्कर मारा. खळ्यात, ओट्यावर, घराच्या गच्चीवर, जिथं तिथं पिवळाधमक मका वाळत पडलेला दिसेल. मालेगाव-चांदवडकडं बाजरीची कितीतरी रानं या मेक्सिकोच्या पाहुण्यानं बळकावलीत.

गंमत म्हणजे मक्याच्या हायब्रीड बियाण्याच्या पिशवीतला प्रत्येक दाणा ठरवून लावलेल्या लग्नाचं पोर असतो. आईबाप म्हणजे दोन ‘लाइन’. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकत सहा-सात पिढ्या काढायच्या, की लाइन तयार. दर पिढीला वाणातली सरमिसळ निम्म्यानं घटते; सातव्या पिढीला ती १ टक्क्याच्याही आत येते. लाइन शुद्ध होते खरी, पण पार मरतुकडी: ताट हडकुळं, कणीस मुठीत मावेल एवढं. अशा दोन मरतुकड्यांचं लग्न लावलं की पोर मात्र धट्टंकट्टं! अमेरिकेच्या जॉर्ज शलनं १९०८ मध्ये हे दाखवलं. पुस्तकात याला ‘संकरज ओज’ म्हणतात. बांधावर नुसतं ‘हायब्रीड’ म्हणून भागतं.

पण कुणाचं लग्न कुणाशी? १०० लाइन असल्या तर जोड्या होतात ४,९५०. एवढ्या सगळ्या पेरून बघायच्या तर पैदासकाराचं उभं आयुष्य त्यातच जायचं. म्हणून त्यानं आपलीच जुनी युक्ती वापरली, देवक बघायची. एका देवकातल्या लाइन एकमेकींच्या भाऊबंद, त्यांची सोयरीक फुकट. दोन वेगळ्या देवकांतल्या जुळवल्या तर कणीस भरतं.

देवक ओळखायचं कसं? दोन देवकं म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट धरा. दोन्ही गटांतली एकेक खात्रीची लाइन ‘परीक्षक’ म्हणून घ्यायची आणि शंभरही लाइनचा संकर या दोघांशी करायचा. संकर झाले फक्त २००. ‘अ’च्या परीक्षकाशी जिचं पोर दमदार, ती लाइन ‘ब’ गटातली. डीएनए बघूनही नात्याचा अंदाज येतो, पण शेवटचा शब्द रानाचाच.

अमेरिकेतलं गाजलेलं जोडपं म्हणजे बी-७३ आणि एमओ-१७ या दोन लाइन. यातली बी-७३ आयोवाची, १९७२ ची. मक्याचा जनुकसंच २००९ मध्ये उलगडला, तोही हिचाच. पण थंड मुलखातल्या या बाईसाहेब आपल्या उन्हात घाईनं फुलोऱ्यावर येतात आणि रोगांपुढं मान टाकतात. म्हणून उष्ण भागांसाठी देवकं नव्यानं मांडावी लागली. ढोबळ मानानं एकीकडं दाण्याला खळी पडणारे दंतुर वाण, दुसरीकडं गोट्यासारखे कठीण. रक्त इतकं मिसळलेलं, की सीमा मात्र धूसरच.

भारतात मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला. १९६१ मध्ये पहिले संकर आले: गंगा-१, गंगा-१०१, रणजीत, डेक्कन. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं मका संशोधन कोल्हापूरला चालतं, त्यामुळं वाणांची नावं करवीर, पंचगंगा, राजर्षी! नावावरूनच गाव कळावं.

बीजोत्पादनाच्या प्लॉटात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मादीच्या ओळींतला प्रत्येक तुरा पराग सांडायच्या आत हातानं उपटायचा. एक जरी राहिला तरी नवरीनं स्वतःशीच लग्न लावलं म्हणून समजा. आणि हायब्रीडचा दाणा घरी राखून पुढच्या वर्षी पेरलात, तर निम्मा जोर गेला. एक ताट डोक्याएवढं, शेजारचं कमरेएवढं.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या वाटेवर भाजलेलं कणीस घ्याल तेव्हा दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. १४ येतील, १६ येतील, १५ सहसा नाहीच, कारण ओळी जोडीनंच येतात. पैज लावायला हरकत नाही. प्रत्येक दाण्याचा केसही वेगळा, पराग त्यातूनच आत जातो. एका कणसातल्या दाण्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात ते त्यामुळंच. पांढऱ्या कणसात मधूनच एखादा पिवळा दाणा दिसला, तर शेजारच्या रानात पिवळा मका होता एवढं नक्की.