पंख वाकडा, म्हणून रॉकेट वाकडं?

कोलोरॅडोच्या माळावर शनिवारी दुपारी दहा वर्षांची एक मुलगी मान खाली घालून उभी होती. तिचं ‘बिग बर्था’ हे मॉडेल रॉकेट उड्डाणाच्या सळीवरून सुटलं, जेमतेम वर गेलं आणि कमानीसारखं वळत वारा येत होता त्या दिशेने निघून गेलं. वडील म्हणाले, “तरी सांगत होतो, पंख वाकडा चिकटवलायस म्हणून.” तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, खरंच माझ्यामुळे गेलं का ते तिकडे?”

नाही. पंख वाकडा होता, हे खरं. शेपटीच्या चारांपैकी एक पंख नळीच्या रेषेला साधारण २ अंशांनी तिरका बसला होता. मुळाशी ५ सेंटीमीटर लांबी धरली, तर मागचं टोक पावणेदोन मिलिमीटर सरकलेलं. डोळ्यांना खटकतं तेवढं. पण ते रॉकेट त्यामुळे वळलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी ऐकतो आणि दरवेळी चिडतो, कारण न केलेल्या चुकीचं खापर पोरांच्या माथी फुटतं आणि खरं कारण तसंच राहतं.

वाकडा पंख काय करतो ते भिरभिऱ्याला विचारावं. भिरभिऱ्याची पाती तिरकी असतात म्हणून ते वाऱ्यात फिरतं. जागा सोडून बाजूला पळत नाही. रॉकेटचे सगळे पंख एकाच बाजूला सारखे तिरके असतील, तर ते स्वतःभोवती फिरतं, बस्स. वातावरणाच्या अभ्यासासाठी सोडतात त्या साउंडिंग रॉकेटांचे पंख तर मुद्दाम थोडे तिरके बसवतात. फिरल्यामुळे बनावटीतली बारीकसारीक तिरपाई सगळ्या दिशांना वाटली जाते आणि मार्ग सरळ राहतो.

एकच पंख तिरका असेल तर दोन गोष्टी एकदम होतात. रॉकेट फिरतं आणि नाक एखाद-दोन अंश बाजूलाही ढळतं. पण फिरत असल्यामुळे ती ढळलेली बाजू सतत बदलत राहते, म्हणून मार्ग एका दिशेला न वळता लांबट मळसूत्रासारखा होतो. ढोबळ हिशेब असा: पंखाचा मध्य नळीच्या अक्षापासून ५ सेंटीमीटरवर आणि चारही पंख २ अंशांनी तिरके, तर दर ९ मीटरला एक फेरी. चारांपैकी एकच तिरका असला, की तिरकेपण एक चतुर्थांश. म्हणजे साधारण ३६ मीटरला एक फेरी.

मग ते वळलं कशामुळे? वाऱ्यामुळे. आणि तेही लोकांना वाटतं त्याच्या उलट दिशेने. इंजिन जळत असताना रॉकेट वाऱ्याबरोबर वाहून जात नाही, वाऱ्यात घुसतं. छपरावरच्या वातकुक्कुटासारखी त्याची शेपटी मागे ढकलली जाते आणि तोंड वाऱ्याकडे होतं. त्या दुपारी ताशी १४ किलोमीटरच्या आसपास वारा होता, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. बिग बर्था हे जाडजूड, सावकाश उठणारं मॉडेल. सळी सोडताना त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरा. या दोन वेगांचा त्रिकोण काढला, तर हवा नाकावर सरळ न येता १८ अंशांनी तिरकी येते. एका बाजूला १८ अंश आणि दुसऱ्या बाजूला एका पंखाचे २ अंश. आरोपी कोण, हे आता तुम्हीच ठरवा.

शंका असेल तर धुराची रेघ बघा. पंखाचा दोष असला तर रेघेला पीळ दिसतो. वाऱ्याने वळलेल्या रॉकेटची रेघ गुळगुळीत कमान असते, वाऱ्याच्या उगमाकडे झुकलेली. मुलीच्या रॉकेटची रेघ तशीच होती.

जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, काढण्याची रीत हौशी लोकांच्या हाती दिली. तीच आज ‘ओपनरॉकेट’ या मोफत संगणक प्रणालीच्या मुळाशी आहे. त्यात पंखांचा तिरकेपणा आणि वाऱ्याचा वेग वेगवेगळे बदलून पाहता येतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका, आकडे घालून बघा.

इथवर गैरसमज निरुपद्रवी होता. पण वडिलांनी घरी जाऊन “तोल साधला”. डाव्या पंखाची मागची कड वर सरकली होती, म्हणून समोरचा उजवा पंखही सोडवून, त्याची मागची कड तेवढीच वर करून चिकटवला. लांबून बघितलं की दोन्ही एका रेषेत, छान समांतर. हीच ती दुरुस्ती, जी मी हात धरून थांबवतो. डावा पंख रॉकेटला एकीकडे फिरवत होता, उजवा आता उलटीकडे फिरवू लागला, फिरणं थांबलं. पण नाक ढळवणारा जोर मात्र दोघांचा मिळून दुप्पट झाला. विमानाच्या शेपटीची हलणारी पट्टी मुरडून ठेवावी तसं. पुढच्या उड्डाणात ते रॉकेट न फिरता एकाच बाजूला वळत गेलं आणि इंजिन जळत असतानाच आडवं झालं. सगळे अंतर राखून उभे होते म्हणून निभावलं. फिरणारं वाकडं रॉकेट चालेल. न फिरणारं वाकडं रॉकेट नको.

खरी दुरुस्ती एकच: ज्याचा दोष त्यालाच सरळ करायचं. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी धारदार पात्याने गोंद कापायचा, पंख सोडवायचा, नळीवरचा आणि मुळावरचा जुना गोंद सँडपेपरने घासून काढायचा, नवी रेघ मारून पुन्हा लावायचा. ओला गोंद असताना ढकलून सरळ केलेला पंख वाळता वाळता परत सरकतो, म्हणून टेकू हवाच.

मुळात चूक होऊ नये म्हणून रेघेवर मेहनत घ्या. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जोडावर कापा, घडी घालून चार भाग करा आणि खुणा नळीवर उतरवा. मग नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत दाबून धरा आणि त्या कडेने पेन्सिल ओढा. रेघ नळीला तंतोतंत समांतर येते. पिवळा वुड ग्लू (आपलं फेविकॉल त्याच जातीचं) दोन्हीकडे पातळ लावा, मुरू द्या, पुन्हा थेंबभर लावून दाबा. मिनिटभरात पकड येते, तेवढ्यात मागून एक डोळा मिटून पंखाची कड रेघेवर आहे ना ते बघता येतं. झटपट चिकटणारा गोंद हा वेळच देत नाही.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. पंखांमधलं अंतर ९० ऐवजी ८७ अंश झालं तर? दिसतं वाईट, उडतं नीट. रेघ समांतर असणं महत्त्वाचं. नाकात माती भरली की वाकडा पंख सुधारतो? नाही, त्याने स्थैर्य वाढतं, तिरकेपण जात नाही. सांध्यावर गोंदाचे ढीग? शेपूट जड होते आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो, तेच नको असतं. पाच-सहा पंख लावले की जास्त सरळ? तीन पुरतात. आणि मॉडेल रॉकेटांच्या सुरक्षा संहितेत वाऱ्याला ताशी ३२ किलोमीटरची मर्यादा आहे म्हणून त्याखालचा प्रत्येक वारा मॉडेलला मानवेल, असंही नाही.

उजवा पंख आम्ही दोघांनी मिळून पुन्हा सोडवला आणि सरळ केला. डावा तिने मुद्दाम तिरकाच ठेवला, त्याला काळा रंग दिला. रविवारी सकाळी सातला, गवत हलत नव्हतं तेव्हा, बटण दाबलं. रॉकेट सरळ वर गेलं, सावकाश फिरत. काळा पंख समोर आला की ती मोठ्याने आकडा म्हणायची. छत्री उघडेपर्यंत चार झाले होते.