नदीने खोदलेली सायकलवाट

जर्मनीतल्या पासाऊ गावाच्या पूर्व टोकाला तीन नद्या भेटतात. उत्तरेकडून इल्झ येते. जंगलातल्या दलदलीतून वाहत आल्यामुळे ती काळपट दिसते. दक्षिणेकडून येणाऱ्या इनमध्ये आल्प्सच्या बर्फाचं पाणी आणि खडकाचा पिठासारखा गाळ असतो, म्हणून तिचा रंग दुधी हिरवा. मधोमध डॅन्यूब. संगमानंतरही हे रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहत राहतात. इथून सायकल पूर्वेकडे वळवायची आणि दिवसभर नदीची सोबत करायची.

काठावरच्या पाट्या वाचत चला. डॅन्यूबचं अंतर उगमापासून नाही, मुखापासून मोजतात. रुमानियात काळ्या समुद्राकाठी सुलीना आहे, तिथे शून्य. पासाऊजवळ आकडा २,२२५च्या आसपास असतो आणि आपण पुढे जाऊ तसा कमी होत जातो. समुद्र किती उरला, हे प्रत्येक पाटी सांगते!

थोड्याच वेळात जाणवतं, की पायांना फारसे श्रमच पडत नाहीत. उतारामुळे असेल, असं वाटतं. पण पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतच्या सुमारे ३०० किलोमीटरमध्ये नदी १५० मीटरही उतरत नाही. किलोमीटरमागे अर्ध्या मीटरपेक्षा कमी उतार सायकलला काय ढकलणार? खरं सुख चढ नसण्याचं आहे. चढावर सायकलस्वार स्वतःचं आणि सायकलचं सगळं वजन वर उचलत असतो. सपाटीवर त्याला फक्त हवेशी आणि टायरच्या घर्षणाशी झगडावं लागतं. त्यात इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून येणारा.

दोन्ही बाजूंना जंगलाने भरलेले उंच डोंगर असताना मधली वाट एवढी सपाट कशी? जागा केली नदीने आणि वाट पाडली घोड्यांनी. शेकडो वर्षं धान्य आणि दारू भरलेल्या होड्या प्रवाहाविरुद्ध घोडे ओढत नेत. मोठ्या ताफ्याला डझनावारी घोडे जुंपलेले असत. दोर ताणून ओढायचं तर घोड्यांना पाण्याला लागून सलग, बिनचढाची वाट हवी. १८३० साली व्हिएन्नाहून बुडापेस्टकडे वाफेचं जहाज गेलं आणि पुढे हळूहळू घोड्यांचं काम संपलं. काठच्या वाटा मात्र नदीच्या देखभालीसाठी टिकल्या. १९८०च्या दशकात सायकलस्वारांनी त्या आपल्याशा केल्या.

चाळीसेक किलोमीटरवर ऑस्ट्रियातलं श्लोगेन येतं. इथे सायकल खाली ठेवून अर्ध्या तासाची चढण चढायलाच हवी. वरून दिसतं ते पाहून थक्क व्हायला होतं: अख्खी डॅन्यूब जवळजवळ १८० अंशांत वळून आल्या दिशेला परत निघाली आहे. अशी वळणं मऊ मातीच्या मैदानात पडतात. इथे तर ग्रॅनाइट आणि नाइससारखे कठीण खडक आहेत. उत्तर भूतकाळात आहे. लाखो वर्षांपूर्वी या खडकांवर मऊ गाळाचे थर होते आणि नदी त्यांच्यावरून मनासारखी वळत होती. जमीन उचलली जाऊ लागली तशी नदी खाली कापत गेली. करवत लाकडात एकदा रुतली की रेघ बदलता येत नाही, तसं तिचं झालं. वरचा गाळ वाहून गेला, वळण खडकात कोरलेलं राहिलं. आज तिथलं पाणी संथ दिसतं, कारण खाली आशाखला १९६४मध्ये पूर्ण झालेल्या जलविद्युत धरणाचा फुगवटा इथपर्यंत पोचतो.

वळणानंतर डाव्या तीरावर कडा थेट पाण्यात उतरतो आणि काही अंतर वाटच उरत नाही. त्या तीराने जायचं तर सायकलसकट होडीत बसून प्रवाहाबरोबर पुढे जावं लागतं. जुन्या काळीही काठाची वाट जिथे तुटे, तिथे घोड्यांना होडीतून पलीकडे नेत. दोर ओढणारे गेले, पॅडल मारणारे आले. अडचण तीच आणि उपायही तोच.

अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा यूरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग याच नदीचा काठ का धरतो, ते इथे उमजतं. रस्ते आखणाऱ्यांनी डोंगरांतून एवढी लांब आणि इतकी सौम्य वाट कधीच काढली नसती. साध्या सायकलवर, बेताच्या ताकदीच्या माणसालाही खंड ओलांडता यावा, एवढं काम पाण्याने आधीच करून ठेवलं आहे.