क्रोशाचे तोरण : घरातील कला शाळेच्या दारी

चौकटीवरील तोरण, देव्हाऱ्यापुढील रुमाल, मेजावरील आच्छादन या रूपांनी क्रोशाचे विणकाम महाराष्ट्रातील असंख्य घरांत नांदत आले आहे. मात्र ते बहुधा घराच्या चार भिंतींतच राहिले आणि ‘बायकांचे फावल्या वेळचे काम’ एवढीच त्याची गणना झाली. हेच काम गावाच्या सार्वजनिक जागी आले, तर जागेला शोभा येते आणि करणाऱ्या हातांनाही मान मिळतो.

या कलेचे साधन म्हणजे टोकास आकडी असलेली एकच सुई. साखळी, मुका खांब, अर्धा खांब व खांब या मोजक्या टाक्यांतून सर्व नक्षी उभी राहते. सपाट वर्तुळ विणताना पहिल्या फेरीत १२ खांब घेतल्यास पुढील फेऱ्यांत २४, ३६, ४८ असे वाढवावे लागतात. वाढ कमी पडली तर वाटी होते. अधिक झाली तर कडेस चुण्या पडतात. याच चुण्यांचा उपयोग करून डायना टायमिना या गणितज्ञ विदुषीने १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वक्र भूमितीचे नमुने विणले. जी भूमिती कागदावर दाखविणे कठीण, ती त्यामुळे हाती धरता आली.

सार्वजनिक शोभेचे एक उदाहरण स्पेनमधील आल्हाउरिन दे ला तोरे या गावचे आहे. तेथील स्त्रियांनी विणलेले रंगीत तुकडे जोडून २०१९ च्या उन्हाळ्यात बाजाराच्या रस्त्यावर छत टांगले. शोभा आली आणि सावलीही मिळाली.

आंध्र प्रदेशातील नरसापूरचे उदाहरण याहून निराळे आहे. तेथील क्रोशाची लेस परदेशी जात असे. परंतु विणणाऱ्या स्त्रियांना अत्यल्प मोबदला मिळे. त्या घरी बसून फावल्या वेळात विणतात, ही समजूतच त्याच्या मुळाशी होती, असे मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. जे काम दिसत नाही, त्याचे मोल होत नाही, हाच याचा बोध होय.

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव तेथील जलाशयामुळे परिचित आहे. अशा गावच्या शाळेसही हा उपक्रम सहज साधण्याजोगा आहे. ४ फूट रुंदीच्या दारास ४ इंचांचे १२ तुकडे पुरतात. म्हणजे १२ घरांतून एकेक तुकडा आला की तोरण पूर्ण झाले. प्रत्येकीच्या हाताची ओढ निराळी असते. म्हणून सर्वांस एकाच जाडीचा सुती दोरा व एकाच मापाची सुई द्यावी आणि आधी एक नमुना विणवून तो पट्टीने मोजावा. ज्या माता वा आजी हे काम जाणतात, त्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. मुलगे व मुली दोघांनीही साखळी घालण्यास शिकावे. प्रत्येक तुकडा विणण्यास किती वेळ लागला, याची नोंद मुलांनी ठेवावी. तिची बेरीज केली असता ‘फावला वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यांना आपोआप उमजेल.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. परदेशी झाडांच्या खोडांभोवतीही असे विणकाम गुंडाळतात. जलाशयाच्या व वनाच्या सान्निध्यात ते टाळावे. सुटलेल्या दोऱ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, आणि कृत्रिम धाग्याचे बारीक तंतू झिजून माती व पाण्यात जातात. शोभा छपराखालीच असावी : शाळेचा ओटा, वाचनालयाचे दार, ग्रामपंचायतीचे सभागृह. तोरण मळले की उतरवून धुवावे व पुन्हा बांधावे.

शाळेच्या दारी असे तोरण लागले म्हणजे त्याखालून वर्गात जाणारे मूल आपल्या आईने विणलेला तुकडा अचूक ओळखेल. घरात रोज दिसणाऱ्या त्या कामाकडे मग ते निराळ्या दृष्टीने पाहू लागेल.